टाकलेल्या बाईची लेक

शोभा मॅडमच्या शोकसभेत तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही त्यांना क्षमाशील म्हटलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत मी आधी विद्यार्थिनी आणि मग सहकारी म्हणून पंधरा वर्षं काढली. मॅडमनी कुणाला माफ केलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण खोटं कशाला बोलायचं?

थॅलेसेमिया हा त्यांचा विषय. या आजारात मुलाच्या अंगात रक्त नीट बनत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागतं, आणि ते मिळालं नाही तर मूल जगत नाही. बहुतेक वेळा चूक असते एका जनुकातल्या एका अक्षराची. मुलाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढायच्या, दात पाडलेल्या, म्हणजे रोग न करणाऱ्या, एका विषाणूच्या पाठीवरून चांगलं जनुक त्यांच्यात पोचवायचं आणि त्या पेशी परत मुलाच्या अंगात सोडायच्या, यासाठी मॅडमची सगळी उमर गेली. इतर शास्त्रज्ञ भाषणात मानवसेवा वगैरे म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, "सेवाबिवा काय नाय. मला त्याचा सूड घ्यायचाय." 'त्याचा' म्हणजे त्या चुकलेल्या अक्षराचा. सकाळी आल्या की खांद्यावरची पर्सही न काढता त्या पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडत आणि आत डोकावून विचारत, "मेला का रं?" नव्या मुलांना वाटायचं, आत उंदीर शिरलाय.

माझ्या मुलाखतीला मी विषाणूंवरचं सगळं रात्रंदिवस पाठ करून गेले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुला कुणाचा राग येतो, नुसरत?"

मी गडबडले. मग म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या एका खालांचा. लडकी को इतना पढा के क्या करना, असं त्या अम्मीला रोज विचारतात."

"येऊ दे राग. सांभाळून ठेव. लई कामाला येतो."

त्यांचा स्वतःचा राग कसा कामाला यायचा, ते मी सुरुवातीलाच पाहिलं. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी मॅडमच्या शोधनिबंधावर स्वतःचं नाव आधी आणि मॅडमचं दुसरं घालून तो छापून आणला. मॅडम भांडल्या नाहीत. त्यांनी तो प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला घेतला. वर्षभर खपल्या. त्यात त्यांना स्वतःच्याच मोजणीतली एक चूक सापडली आणि तो निबंध चुकीचा असल्याचं त्यांनी जाहीर छापलं. प्रमुखांची पुरती शोभा झाली. मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, त्यात तुमचंही नाव होतं."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकून म्हणतात ना? व्हय, कापलं. सत्यासाठी बी कापलं असं समज." मग हसल्या. "पण आधी त्याच्यासाठी."

त्या मुळात कुठे कुणावर एवढ्या चिडल्या होत्या, हे मला खूप उशिरा कळलं. त्या मूळच्या पिशोरच्या. घरी चांगली बागायती शेती. त्यांच्या पाठीवर गणू नावाचा भाऊ झाला. पांढराफटक चेहरा, काटकुळे हातपाय आणि फुगलेलं पोट. तो सहा वर्षांचा होऊन गेला. गावात आजाराचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. घरच्यांनी ठरवलं की दोष आईच्या कुशीत आहे. वडिलांनी दुसरी बायको केली आणि पहिलीला लेकीसकट घराबाहेर काढलं. दुसरीला तीन मुलं झाली, तिन्ही धडधाकट. गावाला आणखी काय पुरावा हवा? गिरजाबाई, म्हणजे मॅडमची आई, शहरात मुकुंदवाडीतल्या एका खोलीत राहिली, शिवणकाम करून लेकीला शिकवत राहिली. माहेरच्या लग्नातसुद्धा नवरीला हळद लावायला तिला कुणी पुढे येऊ दिलं नाही.

कॉलेजात जनुकशास्त्राचं पुस्तक हातात पडलं तेव्हा मॅडमना कळलं की हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. "त्या दिवशी वाचनालयात मी टेबलावर मूठ मारली," त्या म्हणाल्या. "ग्रंथपाल म्हणाला, बाहेर जा. बाहेर जाऊन बी मारली."

आणि मग एके दिवशी पिशोरचे तिघे आमच्या प्रयोगशाळेत आले. मॅडमचा सावत्र भाऊ दत्ता, त्याच्या कडेवर चार वर्षांची आरोही, आणि काठी टेकत ऐंशीच्या घरातले आबा, मॅडमचे वडील. आरोहीला थॅलेसेमिया होता. घाटीच्या सरकारी दवाखान्यापासून खासगी दवाखान्यांपर्यंत हिंडून झालं होतं, आणि कुणीतरी सांगितलं होतं की यावर काम करणाऱ्या एक बाई इथंच आहेत.

दत्ता म्हणाला, "ताई, तुमच्याबिगर कुणी नाय."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आबांना म्हणाल्या, "आधी तुमचं रक्त द्या."

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"तेच बघायचंय. तुमच्या मंडळींना बी घेऊन या."

आठवड्यानं अहवाल आले. मला वाटलं होतं, मॅडम ओरडतील. त्यांनी दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि अगदी हळू आवाजात बोलल्या. "धाकट्या आईचं रक्त चांगलं आहे. म्हणून तुमची तिन्ही पोरं धड निपजली. दत्ताकडं हा दोष आला तो तुमच्याकडून. तसाच दोष त्याच्या बायकोतही निघाला, म्हणून आरोही आजारी. माझा गणू असाच मेला. अर्धा दोष आईचा होता, अर्धा तुमचा. तुम्ही घराबाहेर मात्र एकटीलाच काढलं."

आबा कागदाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"म्हाईत नव्हतं, पोरी."

"म्हाईत नव्हतं तर तिला का काढलं? सोताला का नाय काढलं?"

दत्ता रडायला लागला. आरोही बापाचे डोळे पुसत होती. मला तिथं उभं राहवेना. मॅडम मात्र उठल्या, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चला. हे तिला जाऊन सांगा. मग पोरीला तपासते."

"आणि नाय सांगितलं तर?" दत्तानं विचारलं.

मॅडम दार उघडून बाहेर निघाल्या. त्या मुलीला खरंच परत पाठवतील का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही सांगता येत नाही.

मीही सोबत गेले. मुकुंदवाडीत गिरजाबाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. आबा काठीवर वाकून म्हणाले, "गिरजे, दोष माझा बी व्हता." गल्लीतल्या दोन बायका ऐकायला थांबल्या. आबा अडखळले, तशा मॅडम मागून म्हणाल्या, "मोठ्यानं." ते पुन्हा, मोठ्यानं म्हणाले.

गिरजाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "ऐकलं," त्या म्हणाल्या. मग आरोहीला जवळ बोलावून तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, गणूच्या पाहत असतील तशा. तिला आत नेऊन गूळ-शेंगदाणे दिले. आबांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते उन्हात उभे होते ते उभेच राहिले.

त्या दिवसापासून आरोही आमची झाली. रक्त वेळेवर मिळतंय का, अंगात लोह साठतंय का, सगळं मॅडम स्वतः बघायच्या. पण तिच्या बापाशी कामापुरतंच बोलायच्या आणि तिने 'आत्या' म्हटलं तर म्हणायच्या, "मॅडम म्हण."

पाच वर्षांनी आमच्या उपचाराला माणसांवर पहिली चाचणी करायची परवानगी मिळाली. मुलं निवडायची होती. निवडणाऱ्यांनी आणि उपचार करणाऱ्यांनी एक अर्ज भरायचा होता : रुग्णांपैकी कुणाशी आपलं नातं आहे का? नातं असेल तर चाचणीतून बाजूला व्हायचं. आरोही सगळ्या अटींत बसत होती. पिशोरच्या त्या घराशी मॅडमचा कागदोपत्री काहीच संबंध उरला नव्हता, आडनावसुद्धा त्या आईच्या माहेरचं लावायच्या. त्यांनी 'नाही' लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी त्या स्वतः तिथं उभ्या राहिल्या असत्या.

त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं : आत्या.

मी म्हटलं, "मॅडम, मग तुम्हाला आत येता येणार नाही."

"माझ्या हातानं झालं असतं तर म्हातारा म्हणला असता, घरच्या पोरीनं घरचं काम केलं. आता परक्यांना करू दे. तू कर."

हे खरं कारण होतं की नाही, मला माहीत नाही. पेशी मी तयार केल्या. ज्या दिवशी त्या आरोहीला दिल्या त्या दिवशी मॅडम रुग्णालयाच्या आवारातल्या बाकावर सकाळपासून बसून होत्या. मी खाली येऊन 'झालं' म्हटलं, तर उठून माझ्या हातांकडे पाहिलं, पाठीवर एक जोराची थाप मारली आणि चालू लागल्या.

हळूहळू आरोहीला रक्त लागेनासं झालं. तिच्या गालांवर पहिल्यांदा रंग आला. सहा महिने गेले, आठ गेले.

मग एका दुपारी दत्ताचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर घेतला, कारण त्यांच्या हातात मोजे होते. "ताई, आबा गेले. संध्याकाळी माती आहे. येताव का?"

"आरोहीचं हिमोग्लोबिन किती आलं परवा?"

"अकरा," तो रडत म्हणाला.

"चांगलं हाय. तिला गर्दीत नेऊ नको." आणि कोपरानं फोन बंद केला.

मला राहवलं नाही. "मॅडम, आता तरी जायला हवं."

"मी गेले तर लोक म्हणतील, झालं गेलं विसरली शोभा." त्यांनी मोजे काढून टाकले. "मी विसरले नाय, नुसरत, म्हणून ती पोरगी बरी झाली. विसरले असते तर आज शाळेत गणित शिकवत बसले असते."

बाहेरच्या बाकावर फर्दापूरचं एक जोडपं कधीचं बसलं होतं. बाईच्या मांडीवर पिवळट चेहऱ्याचं वर्षभराचं मूल होतं, आणि सासू नवऱ्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजत होती. मॅडमनी काचेतून चौघांकडे पाहिलं.

"नवऱ्याचं रक्त आधी घे," त्या म्हणाल्या. "आन् सासूला आत बसव. तिच्यासमोर घे."