उपमा नापास

पुणे विमानतळाजवळच्या एका स्वयंपाकघरात मी चार वर्षं नोकरी केली. तिथे विमानातल्या प्रवाशांचं जेवण तयार व्हायचं. माझं काम तपासनिसाचं. प्रत्येक पदार्थाचं तापमान मोजायचं, चव घ्यायची आणि कागदावर सही करायची. ‘विमानातलं जेवण असं बेचव का गं?’ असं कुणी विचारलं की मी ठरलेलं उत्तर द्यायचे, ‘उंचावर गेलं की जिभेला चव कळत नाही.’ आमच्या व्यवस्थापकांनीच ते शिकवलं होतं.

मग आई पहिल्यांदा विमानाने आली, नागपूरहून पुण्याला. तिला घेऊन हडपसरला घरी जाताना रिक्षात मी विचारलं, “नाश्ता केलास?”

“उपमा देला होता. एक घास खाल्ला अन् झाकून ठेवला.”

तो उपमा आमच्याकडचाच होता; परतीच्या फेरीचं जेवणही पुण्याहूनच विमानात चढायचं. मी माझं उत्तर ऐकवलं.

“जीभ मरते म्हणतं?” आई म्हणाली. “मंग त्याच विमानात म्या डब्यातली भाकर अन् ठेचा खाल्ला, थो कसा झणझणीत लागला?”

आईने वीस वर्षं वसतिगृहातल्या पोरींना जेवू घातलं होतं. चवीच्या बाबतीत तिला फसवणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उपम्याचं पातेलं समोर आलं. तापमान बरोबर होतं. मी चमचाभर तोंडात घातला. रवा कच्चा, फोडणी करपलेली. हीच चव मी चार वर्षं गिळून सही करत आले होते. चवीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘नापास’.

व्यवस्थापक धावत आले. “मॅडम, आपण स्वच्छता बघा. चव हे आपलं काम नाही.”

“मग कागदावर चवीचा रकाना कशाला ठेवलाय?”

“कालपर्यंत सही करत होतात ना?”

“करत होते. चूक होती माझी.”

“विमानाला उशीर होईल!”

मी चमचा त्यांच्यापुढे धरला. “आपण एक वाटी संपवा. लगेच सही करते.”

त्यांनी चमच्याला हात लावला नाही. मुख्य आचारी लोहगावचे, वयाने मोठे. ते मागून म्हणाले, “साहेब, ताई खरं बोलत्यात. रवा भाजायला येळच देत न्हाई तुमी. चव कुठनं येनार?”

त्या विमानात सँडविच आणि फळं गेली. संध्याकाळी मला माफीपत्र लिहायला सांगितलं. मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘उपमा वाईट होता. पुन्हा असाच आला तर पुन्हा नापास करीन.’ खाली सही केली. महिनाअखेर माझा नोकरीचा करार संपला आणि त्यांनी तो वाढवला नाही.

नंतर आचाऱ्यांचा फोन आला. रवा भाजायला आता अर्धा तास मिळतो म्हणाले. त्यांनाही खूप बोलणी खावी लागली होती, पण आवाजात गुर्मी होती. मला ती फार आवडली.

सध्या मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, “आधीची नोकरी का गेली?” मी सगळं सांगितलं, एक शब्द मऊ न करता. “इथेही असंच करणार का?” त्यांनी विचारलं.

“जेवण वाईट असेल तर, हो.”

पहिल्याच आठवड्यात मी त्यांची आमटी परत पाठवली.