मिक्सरच्या खोक्यातला फोन

व्यंकटमामांनी सदरा वर केला, आतल्या बंडीच्या खिशात फोन घातला आणि हात सोडला. फोन निम्मा आत, निम्मा बाहेर. मग ते मुद्दाम खाली वाकले. फोन सुळकन निसटला आणि मी काउंटरवर आडवी होऊन तो कसाबसा झेलला.

"बघा आप्पा," मामा म्हणाले, "वाकलो की गेला. अन् मला लोकांच्या घरी वाकूनच शिरावं लागतंय."

तो डेमो पीस होता. म्हणजे गिऱ्हाइकाने हाताळून बघावा म्हणून काउंटरवर ठेवलेला फोन. तो विकायचा नसतो, पण फुटला तर शेठ काउंटरवाल्याच्या नावावर टाकतात. लातूरला गोलाईजवळच्या या शोरूममध्ये काउंटर मी सांभाळते, त्यामुळे झेप घेण्याचा मला सराव आहे. बटणांचे फोन होते तेव्हापासून मी या धंद्यात आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की कुठला फोन घेणार हे मला कळतं, अशी माझी समजूत होती.

आप्पा म्हणजे बळीरामआप्पा, किल्लारीकडचे बागायतदार. त्यांचा थोरला मुलगा शिकून शेती करतो. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आमच्याकडे किती अवघड झालंय, ते मुलांच्या आईबापांना विचारा. आप्पांनी त्यासाठी चार जिल्हे पालथे घातले होते. शेवटी रेणापूरच्या व्यंकटमामांनी सोयरीक जमवली. मामांचं आयुष्य यातच गेलं. दोन घरं गाठायची, दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि लग्न जमवून द्यायचं.

जमवणाऱ्याचा मान करायची आमच्याकडे रीत आहे. पूर्वी धोतरजोडी देत, आता मोबाईल देतात. रविवारी साखरपुडा होता आणि त्यात स्टेजवर बोलावून मामांना फोन द्यायचा, असं आप्पांनी ठरवलं होतं. मान कमी पडला तर मध्यस्थ रुसतो. मध्यस्थाने मान नाकारला तर देणारा रुसतो. अशा रुसव्यांनी जमलेली लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे दोघांचा आवाज जरा चढला तसे माझे कान टवकारले.

आप्पांनी शोरूममधला सगळ्यात मोठा फोन निवडला होता. मामा मात्र मागच्या शेल्फकडे बोट दाखवत होते. तिथे एक लहान फोन कधीपासून पडून होता. याला आम्ही डेड स्टॉक म्हणतो, म्हणजे कुणी विचारत नाही असा माल. फोन चांगला होता, दणकट होता, पण लोक हातात घेऊन "लेकरांचा हाय का?" विचारायचे आणि परत ठेवायचे.

"किंमत?" आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, मोठ्याइतकीच.

"तेवढ्याच पैशात निम्मा?" आप्पांना ते पटेना. शेतकरी माणूस, त्यांच्या हिशेबात किंमत क्षेत्रफळावर ठरते. मग मी त्यांना स्क्रीनचे इंच समजावून सांगितले. स्क्रीन एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतात. त्यावर आप्पा म्हणाले, रान कधी कुणी तिरकं मोजतं का, ही तर शुद्ध फसवणूक.

शेठ गल्ल्यावरून सगळं बघत होते. मोठ्या मॉडेलवर त्या महिन्यात कंपनीचा इन्सेन्टिव्ह होता, म्हणजे विकणाऱ्याला वरचं बक्षीस. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, मोठाच काढ. मीही तयार होतेच. मामांना म्हटलं, बंडीचा खिसा काय, टेलर वाढवून देईल. मामा म्हणाले, फोन जड आहे, हात कापतो. मी मोठाच पण हलका फोन काढला. मामा म्हणाले, डोळ्यावर उजेड येतो. मी उजेड कमी केला. प्रत्येक वेळी मामा नवीन कारण काढत होते आणि मी ते मोडून काढत होते. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

आप्पांचं मात्र एकच पालुपद. "फोन असा पाहिजे की मामाला तर दिसलाच पाहिजे, शेजारच्यालाबी दिसला पाहिजे."

माणसाला मिरवायची किती हौस असते, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात आप्पांना मंगल कार्यालयवाल्याचा फोन आला आणि बोलायला ते बाहेर पायरीवर गेले. मामांनी लगेच मला चार्जरच्या काउंटरकडे बोलावलं. खिशातून आपला जुना फोन काढला. तोही मोठाच, भाच्याने दिलेला, काच तडकलेली. त्यांनी गॅलरी उघडली. एकाखाली एक मुलं, मुली आणि त्यांचे बायोडाटा.

"बाई, माझं दुकान ह्यात हाय," ते म्हणाले. "मोठ्या फोनात पोराचं टक्कल आधी दिसतंय, पोरगा मागून."

मला हसू फुटलं. म्हटलं, म्हणजे मामा, तुम्ही पोरीच्या आईबापाला फसवायला लहान फोन मागताय. मामाही हसले. म्हणाले, टक्कल काय, बघायच्या कार्यक्रमाला टोपी काढली की दिसतंच. मग दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

मागच्या साली ते औशाहून जीपमध्ये बसले होते. आमच्याकडच्या जीपा म्हणजे तुम्हाला माहीत आहेच, शेजाऱ्याचा श्वास आपल्या कानात. एका स्थळाकडून नकार आला होता, म्हणून त्या मुलीचा फोटो काढून टाकावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोटो उघडला. एवढी मोठी स्क्रीन, दोन्हीकडचे लोक वाकले. एकजण म्हणाला, ही तर निलंग्याकडची, अमक्याची थोरली. हिला परवाच बघून गेले की, काय झालं मग? मामांना चटकन काही बोलता आलं नाही आणि जीपला जे समजायचं ते समजलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट मुलीच्या गावात पोचली.

"तिच्या आईचा फोन आला. नुसती रडायली. नकार त्या लोकांचा, नाव माझ्या पोरीचं गेलं म्हणली. वर्षभर त्या घराला दुसरं स्थळ न्हाई आलं, बाई. फोटो मी दाखवला. मला जेवण गोड लागंना."

मला खरंच वाईट वाटलं आणि जीपमधल्या लोकांचा रागही आला. मग मामांनी पुढची गोष्ट सांगितली. ती मुलगी हीच. रविवारी जिचा साखरपुडा होता ती. आप्पांना त्या नकाराचं आणि जीपमधल्या चर्चेचं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याने नाकारलेली मुलगी आपल्या गळ्यात बांधली असं आप्पांच्या डोक्यात आलं असतं तर सगळं संपलं असतं. म्हणून मामांना मोठा फोन का नको, हे आप्पांसमोर बोलायची सोय नव्हती. सोय होती फक्त बंडीच्या खिशाची.

मी धंद्यातला उपाय सुचवला. प्रायव्हसी ग्लास. ही स्क्रीनवर चिकटवायची काच असते. समोरच्यालाच दिसतं, बाजूने बघणाऱ्याला सगळं काळं. डेमोला लावलेली होती ती मामांना दाखवली. मामांनी बघितलं, मान तिरकी केली, परत सरळ केली. म्हणाले, बाजूचे टळले, पण मागच्या सीटवरच्यांचं काय? शिवाय पाहुण्यांच्या घरी आई एकीकडे बसते, बाप दुसरीकडे. दोघांना एकदम दाखवायचं तर फोन फिरवत बसू का?

मग मी शेल्फवरचा लहान फोन आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि बोटं वर वळवून छातीशी धरला. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. मला त्यांचा हात दिसला, फोन दिसला नाही. बायोडाटा कसा वाचणार, असं विचारलं तर म्हणाले, वाचायचं काम पाहुण्यांचं, आपण फक्त त्यांचं तोंड बघायचं.

बाहेर आप्पांचं बोलणं संपत आलं होतं. मला दोन मिनिटांत असं कारण शोधायचं होतं की आप्पांचा मान राहील, मामांचा फोन लहान येईल आणि मुलीचं नाव निघणार नाही. शेठ तिकडून भुवया उडवत होते. मी त्यांच्याकडे बघायचंच बंद केलं.

आप्पा आत आले. मी विचारलं, "आप्पा, स्टेजवर आहेर कुणी उघडून बघतं का?"

"न्हाई. तशी रीत न्हाई."

"मग लोकांना काय दिसतं?"

आप्पा थांबले. "खोका," ते म्हणाले.

आमच्या वरच्या मजल्यावर मिक्सर, कूलर असा घरगुती माल असतो. तिथून मी मिक्सरचा रिकामा खोका मागवला. तळाला थर्माकोल, मध्ये फोनचा छोटा डबा, वरून पुन्हा थर्माकोल, बाहेरून सोनेरी चमकीचा कागद आणि लाल रिबन. शेवटच्या रांगेतल्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल असा आहेर तयार झाला. आप्पांनी मोठ्या फोनवरून एकदा हात फिरवला, जरा रेंगाळले आणि म्हणाले, ठीक हाय, मामाची मर्जी. इतक्या पटकन ते मानतील असं मला वाटलं नव्हतं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "वैशाली, इन्सेन्टिव्हचा फोन ठेवलास आणि खोका विकलास." मी म्हटलं, डेड स्टॉक गेला ना. त्यावर ते दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

सोमवारी दुपारी आप्पा एकटेच आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. साखरपुडा झकास झाला होता. खोका उचलायला दोघांना स्टेजवर बोलावलं आणि त्या दोघांनीही तो जड असल्यासारखा उचलला. आता गावभर झालंय की आप्पाने मामाला टीव्ही दिला. आप्पांनी ते खोडून काढलं नव्हतं.

पेढा खाऊन झाल्यावर ते काउंटरवर जरा पुढे झुकले.

"ताई, मामाला लहान फोनच कशापायी पाहिजे होता, ते तुमाला बोलले असतील."

मी चेहरा विक्रेत्याचा केला. "बंडीच्या खिशासाठी."

आप्पा हसायला लागले. "लई चांगल्या हाव तुमी. त्या जीपमध्ये मी मागच्या सीटवर होतो."

मग आप्पाच सांगत गेले. मामांची न् त्यांची तेव्हा ओळख नव्हती. खांद्यावरून समोर फोटो दिसला, मोठा, स्वच्छ. इतर मुली स्टुडिओत पडद्यासमोर उभ्या राहतात, ही सोयाबीनच्या रानात उभी राहून हसत होती. आप्पांना ती तिथेच पसंत पडली. शेजारच्याने नकाराचं सांगितलं तेही त्यांनी ऐकलं.

"म्हणलं, बरं झालं. त्यांनी सोडली म्हणून तर आपल्याला उरली."

पण जीपमध्ये वाकून बघितलेल्या मुलीला मागणी कशी घालायची? हे कळायला त्यांना बरेच महिने लागले. मग फोटो होता त्या माणसाचं गाव शोधून काढलं, रेणापूरला गेले आणि मुलाचा बायोडाटा मामांपुढे ठेवला. मामा एकेक स्थळ सुचवायचे. आप्पा प्रत्येकात खोट काढायचे आणि निलंग्याकडं काही असलं तर बघा, असं म्हणायचे. शेवटी मामांनी स्वतःच तिचं नाव काढलं, तेही भीत भीत. आप्पांनी विचार करतो असं सांगून दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

आता मला कळलं, शेजारच्याला दिसेल असा मोठा फोन ते का घेऊन देत होते. मिरवायला नव्हे. त्यांच्या लेखी हे लग्न त्या स्क्रीननेच जमवलं होतं.

मी म्हटलं, आप्पा, मामा बिचारे अजून मनातून घाबरलेले आहेत, त्यांना सांगून टाका.

"नकाराचं मला ठाऊक हाय, एवढं सांगतो. जीव हलका होईल त्यांचा. पण जीपचं न्हाई. माणसानं जन्मभर सोयरिकी जमवल्या. ही तेवढी मी जमवली म्हणू का?"

आप्पांबद्दल मी मनात काय काय म्हटलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं एवढं बरं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. चहा पिऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. चेहरा गंभीर होता.

"पर ताई, तुमी माझं नुकसान केलं."

"ते कसं?"

"धाकट्याचं लगीन हाय की अजून. मामाला तुमी तळहातात मावंल असा फोन दिला. आता मी मागं बसून बघू काय?"

फोन विकताना आम्हाला विचारायला शिकवलेलं असतं, वापरणार कोण, बजेट किती, कॅमेरा कसा पाहिजे. मागच्या सीटवर कोण बसणार, हे विचारायला कुठल्याच कंपनीने शिकवलेलं नाही.