भूगोलाच्या सरांचा शोध

शोधाचं बटण दाबण्याआधी सर खिशातून रुमाल काढून दहाही बोटं पुसत. मग माझ्याकडे बघून म्हणत, "पाहाले काय जाते?" आणि बटण दाबत.

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत, मी ग्रंथपाल. कॉलेजनं वर्गणी भरून संशोधनाचे ऑनलाइन डेटाबेस घेतले, तेव्हा ते वापरायचे कसे हे प्राध्यापकांना शिकवणं माझ्याकडे आलं. अशी प्रशिक्षणं तुम्हीही पाहिली असतील. कचोरी येईपर्यंत सभागृह भरलेलं, कचोरीनंतर मी आणि पंखे. त्या दिवशी मात्र सर मागे थांबले.

त्यांचा पहिला शोध म्हणजे अर्जच होता, फक्त 'महोदय' लिहायचं राहिलं होतं. पत्नीच्या आजारावर नवीन उपचार कोणता, कृपया कळवावे, असं अख्खं वाक्य त्यांनी इंग्रजीत टाइप केलेलं. मी हसलो, मग काय लिहिलंय ते नीट वाचलं आणि ओशाळलो. वहिनींची फुप्फुसं हळूहळू घट्ट होत चालली होती. अकोल्याला घरी त्या ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या, सोबतीला धाकटी बहीण. सर रोज रेल्वेनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंत ये-जा करत.

मी शिकवायला लागलो. वाक्य नको, नेमके शब्द द्या. आजाराची दुसरी नावं 'ऑर'नं जोडा, उपचार 'अँड'नं, आणि जे नको ते 'नॉट'नं गाळा. सर भराभर शिकले. पण त्यापायी दुपारची गाडी सुटू लागली आणि ते संध्याकाळच्या गाडीनं जायला लागले.

एकदा त्यांच्या मागून जाताना मी स्क्रीनवर पाहिलं. आजार, उपचार, सगळं बरोबर होतं, आणि ओळीच्या शेवटी नॉट लावून 'मृत्यू' हा शब्द गाळलेला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिथंच टोकलं असतं, कारण कुठलाही प्रामाणिक लेख किती रुग्ण दगावले हे सांगतोच. असे सगळे लेख गळाले आणि उरलेल्या थोड्या लेखांत सगळे बरे होत होते. सरांनी विचारलं, "जमलं ना?" मी म्हणालो, "जमलं."

पुढे एका कामासाठी अकोल्याला गेलो होतो, तेव्हा सरांनी आग्रहानं घरी नेलं. ते आत चहा टाकायला गेले, तशी वहिनींनी मला जवळ बोलावलं. थांबत थांबत, दम घेत त्या बोलल्या.

"भाऊ, ते तुमचंच आयकते. त्यायले दुपारच्या गाडीनं घरी पाठोत जा. मले कागद नाई पायजे, ते जवळ बसले पायजे. मी सांगतलं मनून सांगू नका."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सर आले ते नवीनच प्रश्न घेऊन. चांगला लेख सापडला, तर पुढे त्याचा आधार घेणारे लेख कसे काढायचे? मी खुर्ची ओढली. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत माझ्याकडून शिकायला असं कुणी आलं नव्हतं. डेटाबेसच्या वापराचा महिन्याचा अहवाल कोरा यायचा, तो सरांमुळे भरू लागला होता आणि प्राचार्य माझं कौतुक करत होते. निरोप उद्या देऊ, असं मी रोज मनाशी म्हणत राहिलो.

वहिनींच्या बहिणीचा फोन आला तेव्हा सर लायब्ररीतच होते. मी सोबत निघालो. गाडी अर्ध्या वाटेत मूर्तिजापूरला उभी होती तेव्हा दुसरा फोन आला. सर म्हणाले, "गेली."

यंदा सर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम आटोपून ते वर लायब्ररीत आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमी नसते तर मी हातावर हात ठेवून बसलो असतो. ती मले रोज सकाळी मने, जा, वाचून या, तुमी तिकडं शोधून राहिले की मले धीर राह्यते. खरंच धीर राहत असन ना तिले?"

वहिनी त्यांना हेच सांगत होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नवऱ्याचं मन मोडवत नव्हतं, म्हणून त्याला लवकर घरी पाठवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मी म्हणालो, "हो सर. मलाही तसंच म्हणाल्या होत्या."

सरांचे डोळे भरून आले. "तुमालेबी सांगतलं होतं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. मग ते हलक्या पावलांनी जिना उतरून गेले. त्यांना एवढं हलकं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.