ट्राउटचा आराखडा, रिव्हिजन पाच

आमच्या कामात एखादा कागद पहिल्याच फेरीत मंजूर झाला, तर पाठवणाऱ्यालाच संशय येतो. फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं मी आखातात, लुसैल शहरात ट्रामच्या कामावर होतो. आम्ही आराखडा पाठवायचा आणि सल्लागाराने त्यावर एक अक्षर मारून तो परत करायचा. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यासह मंजूर, सी म्हणजे सुधारून पुन्हा पाठवा. माझी निम्मी नोकरी सी वाचण्यात गेली. ही बाधा घरापर्यंत आली होती. आमटीत मीठ कमी पडलं की मी "कोड बी" म्हणायचो आणि बायको दुसऱ्या दिवशीची आमटी माझ्याकडे सोपवायची.

अशा माणसाने वडिलांना ट्राउट मासा धरायला न्यायचं ठरवलं.

बाबा नाशिकचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी धरणाच्या पाण्यात गळ टाकून घालवला होता. "हात घातला की बधिर होतो, अशा पाण्यातला मासा एकदा धरायचाय," एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी हिमाचलात दोन दिवस चढून जायचं आणि नदीकाठी तंबू ठोकायचा. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याला फार तर दोन वर्षं दिली होती, पुढे चढबिढ बंद. म्हणजे घाई होती. घाई असली की आम्ही इंजिनिअर लोक लगेच एक्सेल उघडतो.

रिव्हिजन शून्यमध्ये तंबू होता, स्टोव्ह होता, मासेमारीचा परवाना होता. अस्वल आल्यास काय करायचं, याची जबाबदारी मी बाबांकडे दिली होती. धरलेला मासा परत सोडायचा, अशीही एक ओळ होती. ती वाचून बाबांचा फोन आला.

"सोडायचाच आहे तर बिचाऱ्याला त्रास कशाला द्यायचा?"

"बाबा, शेरे लेखी पाठवा," मी म्हणालो. मी असा मुलगा आहे.

तयारी मात्र जंगी केली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून चढाईचा सराव बिन महमूद वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, पाठीवर तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन. वॉचमनने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच सांगितलं, "साब, लिफ्ट चालू है." थंडीचा सराव हॉलमध्ये, तंबू ठोकून, एसी सोळावर. नेमकी तेव्हाच मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. "बाबा, प्लीज, जस्ट स्टे इनसाइड," एवढंच ती म्हणाली. चांगल्या बुटांचे दोन जोड मागवून मी थेट नाशिकला पाठवले, एक बाबांचा, एक माझा.

आता फक्त रजा राहिली होती.

साहेबांनी अर्ज प्रेमाने वाचला. "आफ्टर द टूर्नामेंट, इन्शाल्ला." नवखा माणूस ती तारीख समजतो. मी नवखा नव्हतो, तरी मी ती एक्सेलमध्ये भरली. त्याआधी मीच स्टेशनं होऊ देत, मग चाचण्या होऊ देत, असं म्हणत तीन रिव्हिजन काढली होती. चौथ्यात मी तारीख डिसेंबरअखेरची टाकली. त्यावर बाबांचा पहिला लेखी शेरा आला: "हिवाळ्यात तिथे ट्राउट धरायला बंदी असते. बर्फही असतो. सी."

मला कौतुक वाटलं. मी लगेच रिव्हिजन पाच काढलं, मार्चचं.

खरं सांगायचं तर मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. हट्ट धरला असता तर साहेबांनी चिडून का होईना, आठ दिवस दिले असते. पण सगळं जग बघायला येणार होतं आणि त्या वेळी मी तिथे असायला हवं, असं मला वाटत होतं. चाचणीच्या रिकाम्या ट्राममध्ये बसलो की हे सगळं माझ्यावाचून अडेल, अशी माझी खात्री पटायची.

टूर्नामेंटला दोन महिने उरले होते. अशाच एका रिकाम्या ट्राममध्ये असताना बाबांचा फोन आला.

"जाऊन आलो रे."

"कुठे?"

"नदीवर. आपले शेजारचे काका होते बरोबर. तुझे बूट त्यांना एक नंबर मोठे झाले. दोन मोजे घातले."

मला राग आला, चांगलाच आला. "बाबा, मार्चमध्ये जाणार होतो ना आपण?"

"गुडघा मार्चपर्यंत थांबायला तयार नव्हता."

"मासा मिळाला?" मी विचारलं.

"एकच. वीतभर. पण हात असा बधिर झाला म्हणून सांगू! सोडून दिला. तू तसंच लिहिलं होतंस." मग म्हणाले, "कागद मात्र फार कामाला आला. सगळं त्याप्रमाणेच केलं. तुला बी देतो."

"बी का? शेरा काय?"

"माणूस बदलावा लागला."