सार्डिनचं तेल आणि चहाची पांढरी पूड

किनू इवामोतो नवव्या वर्षी चहाच्या मळ्यात उतरली, ती गुडघे जवाब देईपर्यंत पानं खुडतच राहिली. चांगली त्रेचाळीस वर्षं. मग जपानातल्या माकिनोहाराच्या माळावर चहाचं संशोधन चालायचं, तिथं तिला काचेची भांडी घासायचं काम मिळालं. तिथले कानेहारा मास्तर पानं उकळत, गाळत, आटवत, पुन्हा गाळत. टोपलीभर हिरव्या पानांतून शेवटी बशीच्या तळाशी चमचाभर पांढरी पूड उरे.

"मास्तर, हिरवं गेलं कुठं?" किनू दरवेळी विचारी.

एका सकाळी मास्तरांनी तिच्यापुढे सार्डिन माशाच्या तेलाच्या दोन वाट्या ठेवल्या. "किनूबाई, वास घ्या जरा. माझं नाक सिगारेटींनी गेलंय."

पहिल्या वाटीला तिनं तोंडच फिरवलं. "शी! ओता गटारात." दुसरी हुंगली. "हे ताजं. आजचंच."

"दोन्ही एकाच बाटलीतली आहेत. एकवीस दिवस उबेच्या कपाटात होती. दुसरीत फक्त चिमूटभर पूड घातली होती."

"चेष्टेला मीच सापडले का? वाटी बदललीत तुम्ही!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिच्यासमोर दोन नव्या वाट्या भरल्या. एकीत किनूनं स्वतः पूड घातली, कपाटाच्या दारावर कागद चिकटवला आणि त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. रोज येता-जाता ती कागद तपासून जाई.

एकविसाव्या दिवशी तो तिनंच फाडला. एका वाटीत सडका मासा. दुसरीत नुसता समुद्र.

किनूनं दुसरी वाटी पुन्हा हुंगली. "ही पूड करते तरी काय?"

"हवा तेलाला नासवते. ही मध्ये पडते, आधी स्वतः नासते. तेवढा वेळ तेल वाचतं."

"आणि मग ही पूड?"

"संपून जाते."

किनू पुटपुटली, "त्रेचाळीस वर्षं खुडली हो मी ही पानं."

संध्याकाळी मळ्याच्या कडेला तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि चहाच्या झुडपांपुढे नमस्काराला कमरेत वाकली. मागून सून ओरडली, "सासूबाई, कोण आलंय?"

"कुणी नाही गं. इथलेच आहेत सगळे."

पुढं अकरा वर्षं मास्तरांचं तेल किनूनंच हुंगलं. नव्या माणसांना ती वाट्या पुढे करी, आणि त्यांचे डोळे विस्फारले की त्यांच्याइतकीच स्वतःही थक्क होऊन बघत राही.