डॉक्टरांच्या टेबलावर वाजलेला दोइरा

बुखाऱ्यात लग्न ठरलं की मुलाची आई आधी तोजीनिसाआपाची तारीख धरून ठेवते आणि मग हॉल बघायला निघते. चाळीस वर्षं ही बाई दोइरा वाजवतेय. दोइरा म्हणजे आतून कड्या लावलेला मोठा डफ. तो तिच्या हातात आला की खाटेला खिळलेल्या आज्यासुद्धा मान डोलावू लागतात. आणि अशा बाईच्या कार्डावर, कामधंद्याच्या रकान्यात, दवाखान्यातले डॉक्टर जहोंगीर सोबीरोविच काही न विचारताच लिहून मोकळे झाले, 'घरीच असते'.

साठी जवळ आली तशी तिच्या छातीत धडधड सुरू झाली. चहाचा पेला हातात घेऊन स्वस्थ बसलेली असताना काळीज एकदम उधळायचं आणि पाचदहा मिनिटांनी तसंच एकदम थांबायचं. ती दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजीची पट्टी निघायची ती अगदी बिनचूक.

"पट्टी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "हे मनाचं असतं हो, या वयात. गोळी घ्या, नातवंडं खेळवा."

शेजारची म्हातारी म्हणाली, भीतीने काळीज जागचं हललंय. तिने छाती भाकरीने चोळून दिली. गुण काही आला नाही, पण तिने निदान छातीला हात तरी लावला. डॉक्टरांनी तर मानही वर केली नव्हती.

गोळीने धडधड कमी झाली, हे खोटं कशाला बोलायचं? पण बोटं गार पडली. जूनच्या उन्हात बोटं गार! उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना पाय शिशाचे. आणि ताल मंदावला. एका लग्नात नवऱ्या मुलाची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आपा, हे लग्न आहे, कुणाच्या मौतीचा चाळिसावा दिवस नाही."

तोजीनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दवाखान्यात. बोटांचं सांगितलं, डॉक्टर म्हणाले, वय झालं. आणखी महिन्याने अंधारीचं सांगितलं. डॉक्टरांनी वर झोपेचीही एक गोळी जोडून दिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मग तिने स्वतःच ठरवलं. तिला दोइरा शिकवणाऱ्या उस्ताद रहमतच्या नातीचं लग्न होतं, तिथे गारठलेल्या बोटांनी जायचं नाही. तीन दिवस आधी तिने धडधडीची गोळी बंद केली. अशी गोळी एकाएकी सोडायची नसते, हे तिला सांगायचं काम कुणाचं होतं?

बोटं उबदार झाली. नवरी दारात आली, बहरिया नाचायला पुढे झाली. ही बहरिया वीस वर्षं तिच्या तालावर नाचणारी. आणि गाण्याच्या ऐन मध्यात काळीज उधळलं. तोजीनिसाचा हात त्याच्या मागे धावला. छातीत जे चाललं होतं तेच कातड्यावर उतरलं. बहरियाचा पाय चुकला.

"आपा, काय वाजवताय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "यावर भूत तरी नाचेल का?"

तोजीनिसा घामाने भिजली होती. पाच मिनिटांनी धडधड तुटल्यासारखी थांबली. बायका हसल्या. बहरिया हसली नाही. तिने दोइरा काढून घेतला आणि तिला पाणी पाजलं.

"एकदम उठला आणि एकदम बसला," बहरिया म्हणाली. "असा ताल मी जन्मात ऐकला नव्हता."

सोमवारी दोघी दवाखान्यात गेल्या. तोजीनिसाने दोइरा थेट टेबलावर ठेवला, डॉक्टरांच्या कागदांवरच.

"शब्दांत तीनदा सांगून झालं," ती म्हणाली. "आता ऐका."

तिने वाजवलं. आधी सावकाश, मग एका ठोक्यात दुप्पट-तिप्पट, मग खट्कन बंद, एक रिकामी जागा आणि एक जड ठोका. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "हळूहळू वाढत नाही? असंच, एका ठोक्यात?"

"मला ताल शिकवताय?"

"मनाचं असलं तर चढत चढत जातं," ते हळूच म्हणाले. "हे हृदयाच्या आतल्या जोडणीचं दिसतंय. दिवसभर अंगावर यंत्र लावून बघावं लागेल. गोळी बदलू. बोटं त्या गोळीनेच गार पडतात."

"हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग माझं वय कशाला मध्ये आणलंत?"

 डॉक्टर कागद सरळ करत बसले. मग म्हणाले, "तोवर लग्नं मात्र बंद."

"बंद केली तर हे काळीज कशासाठी चालू ठेवायचं, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या."

 मग डॉक्टरांनी विचारलं, "पुढचं लग्न कधी आहे?"

"शुक्रवारी."

"यंत्र शुक्रवारीच लावू. वाजवा, पण बसून. आणि गोळी मला विचारल्याशिवाय सोडू नका."

बाहेर आल्यावर बहरिया म्हणाली, "आपा, ते यंत्र झग्याखाली लपेल ना?"

"लपवायचं कशाला?" तोजीनिसा म्हणाली. "वरून बांधणार आहे मी. बघू दे सगळ्यांना, हे मनाचं आहे की काळजाचं ते."