काळान आलं

मद्रासला वेस्ट मांबलममध्ये आमच्या शेजारी एक तंजावरी मराठी गृहस्थ होते. नाव मी कधी विचारलं नाही. परसातल्या छपरात भाताच्या ओल्या पेंढ्यावर त्यांचे कसलेसे प्रयोग चालायचे. रोज गोणपाट उचलायचे, हुंगायचे आणि हिरमुसून झाकायचे.

एका सकाळी माझ्या हाती वाटीभर भाजी देऊन, "काळान आलं!" म्हणत ते उड्या मारतच गेले. आमच्या यांनी वाटी चाटूनपुसून संपवली, तेव्हा मला तो शब्द खटकला. आमच्या पुण्याकडे काळ एकदाच येतो. मी रिकामी वाटी घेऊन शेजारी धावत सुटले.

"अक्का, तमिळात अळंबीला काळान म्हणतात," ते हसले. "पेंढा उकळून घातला, तेव्हा कुठं उगवली. काल रात्री मी खाल्ली. सकाळी जागा झालो, मगच तुम्हाला दिली."

 मी रिकामी वाटी पुढे केली, "आता माझ्यापुरती द्या."